ओली रेघ

"बहिणीला भेटायचंय तर अर्ज कर," चौकीतले साहेब कान कोरत म्हणाले. "दीड महिन्यात उत्तर येतं."

"साहेब, डॉक्टरांनी आजचाच दिवस सांगितलाय."

"मग अर्ज आधी नाही का करायचा?"

घ्या! ताईनं मरणाची तारीख दीड महिना आधी कळवायला हवी होती, म्हणजे साहेबांची सोय झाली असती.

मी रंगारी. दोन देशांमधल्या रस्त्यावरची पांढरी रेघ तेवीस वर्षं मीच मारतोय. जिच्यापायी ही माणसं छाती फुगवतात, ती मी बादलीत काठीनं ढवळतो. गेल्या साली रंगाचे डबे उशिरा आले, तीन महिने रेघच नव्हती. कुठला देश सांडला पलीकडे? कुत्र्यानंसुद्धा चौकशी केली नाही. पुसून टाका म्हणावं कायमची! पण मग साहेबांनी डाफरायचं कशावर?

ताईचं सासर रेघेपलीकडे दोनशे पावलांवर. मी रंगवायला बसलो की ती दरवर्षी स्टूल घेऊन पलीकडे येऊन बसायची. "किती वाकडी मारतोस रे," म्हणून चिडवायची. तेवढीच आमची भेट. आज स्टूल आलं नाही. भाची आली. म्हणाली, "मामा, आई सारखं तुझं नाव घेतेय."

तेच सांगायला साहेबांकडे गेलो होतो; त्यांनी अर्ज सांगितला, मी ब्रश उचलला. एरवी मी अलीकडे बसून रंगवतो, आज पलीकडे बसलो. रंगाऱ्याचे पाय कुठे आहेत, हे बघतो कोण? शेवटचा हात मारला, ब्रश बादलीत टाकला आणि उभा राहिलो.

"ए, इकडे ये आधी!" साहेब ओरडले.

"येऊ कसा? रंग ओला आहे. वाळेपर्यंत कुणी ओलांडायचं नाही. तुमचीच पाटी आहे ना?"

"नोकरी जाईल तुझी!"

साहेब तावातावानं रेघेपर्यंत आले आणि आपल्या चकचकीत बुटांकडे बघत थांबले. एवढा मोठा देश, वीतभर रंगापाशी अडला. मी भाचीबरोबर चालू लागलो.

ताईच्या उशाशी बसलो. तिनं डोळे किलकिले केले. माझा हात चाचपला, बोटांवरचा रंग तिला लागला असावा.

"रेघ वाळली का रे?"

ऊन खिडकीतून केव्हाच निघून गेलं होतं. तो रंग दोन तासांत वाळतो.

"नाही गं ताई. ओलीच आहे अजून."

"मग बस थोडा."