खाण्यास योग्य

सोमवार, ९ सप्टेंबर २०१९, दुपारी एक वाजून दहा मिनिटांनी शाळेच्या भोजनगृहातून चारशे बारा ताटे गेली. त्यांपैकी तीनशे सहा ताटांत मांसाचे तुकडे तसेच परत आले. रस्सा मुलांनी पावाने पुसून खाल्ला होता. तुकडे मात्र कडेला सारलेले होते, आणि काही तर चावून, विचार बदलून, पुन्हा ताटात ठेवलेले दिसत होते.

"पुठ्ठा!" ताटे घासणारी मावशी म्हणाली. "कार्टी याला पुठ्ठा म्हणतात, आक्का. रांगेत उभं राहूनच विचारतात, आज पुठ्ठा आहे का म्हणून."

"मग मी काय कागदाच्या गिरणीत स्वयंपाक शिकले?" आक्का म्हणाली. मावशी खो खो हसली. आक्काही हसली; पण हसता हसता तिने एक तुकडा उचलून तोंडात टाकला, बराच वेळ चघळला आणि कोणाचे लक्ष नाही असे पाहून पदराआड काढून टाकला.

आक्का या शाळेची मुख्य स्वयंपाकीण होती. तिच्या हाताला चव आहे, असे म्हणण्याची तिथे गरजच पडत नसे; ज्या दिवशी ती रजेवर असे, त्या दिवशी मुले आपणहून सांगत, "आज आक्का नाही." गेल्या हिवाळ्यात तिला दीर्घ ताप आला होता. तेव्हापासून आपली जीभ पूर्वीसारखी राहिली नाही, अशी एक बारीक शंका तिच्या मनात होती. आता ताटे परत येऊ लागली आणि त्या शंकेला पाय फुटले.

शाळांना मांस पुरविणारे शीतगृह तिच्या धाकट्या भावाच्या देखरेखीखाली होते. तंत्रविद्यालयात शीतकरणाचा अभ्यासक्रम पूर्ण करून तो तेथे लागला आणि तेथेच पिकला. सगळे त्याला 'उणे अठरा' म्हणत, कारण शीतगृहाविषयी काहीही विचारले की त्याचे उत्तर तापमानापासून सुरू होई. "त्याला जेवलात का विचारा," मावशी म्हणे, "उणे अठराला जेवलो म्हणेल." या थट्टेचा त्याला राग येत नसे. त्याच्या कारकिर्दीत ते तापमान कधी ढळले नव्हते आणि आपल्या आयुष्याचा हिशेब त्या एका आकड्यात मांडता येतो, याचे त्याला समाधान होते.

शीतगृहाला एकच दार होते. आतल्या भिंतीवर त्याने स्वतः ठळक अक्षरांत रंगवून घेतले होते: 'आधी येईल ते आधी जाईल.' परंतु नवा माल दारातून आत येई तो जुन्याच्या पुढ्यात रचला जाई, आणि बाहेर जाताना पुढचाच हाताला लागे. घरात नवे धान्य आले की जुने आधी दळणाला काढावे, हे त्यांच्या आईला न शिकताही ठाऊक होते. येथे नियम भिंतीवर राहिला आणि जुना माल भिंतीला टेकून राहिला. उन्हाळ्याच्या सुटीत फरशीच्या दुरुस्तीसाठी सगळा माल शीतगाड्यांत हलविला, तेव्हा मागच्या रांगेतील खोक्यांवर सहा वर्षांपूर्वीचे शिक्के दिसले.

त्याने नमुने प्रयोगशाळेत पाठविले. जंतू आढळले नाहीत, आढळणारही नव्हते. त्याच्या खणात दोन शिक्के होते, एक 'खाण्यास योग्य' आणि दुसरा 'नष्ट करावे'. दुसरा उचलला असता तर सोबत कारण लिहावे लागले असते: इतका माल इतकी वर्षे मागे कसा राहिला? त्याने पहिला उचलला. सप्टेंबरपासून ती खोकी शाळेकडे जाऊ लागली. एखादा तुकडा शिजवून चाखून पाहावा, असे त्याच्या मनात आले नाही. चाखणे हे त्याच्या अभ्यासक्रमात नव्हते.

मंगळवारी संध्याकाळी आक्का डबा घेऊन त्याच्या घरी आली. लहानपणापासूनची त्यांची एक रीत होती. तिने काहीही रांधले की पहिला घास त्याच्या तळहातावर ठेवायचा आणि म्हणायचे, "चाखून सांग." तो सांगे. तिखट झाले तर तिखट, आळणी तर आळणी. भाऊ तोंडदेखले बोलत नाही, यावर तिचा स्वयंपाक उभा होता.

"चाखून सांग," ती म्हणाली. "आणि इंजिनेर, आज जरा नीट चाख. माझी जीभ गेलीय का, ते मला कळायला हवं."

"जीभ कशी जाईल? सगळ्या गल्लीला ऐकू येते अजून."

"थट्टा नको. खा."

त्याने तुकडा तोंडात घेतला. वरून रस्सा उत्तम होता. मग दातांखाली कोरडे, दोऱ्यासारखे धागे आले, आणि त्यामागून घशाशी एक वास उठला. विसरून राहिलेल्या तेलाच्या बाटलीचे बूच काढल्यासारखा. खवट. थंडी जंतूंना थोपविते, पण चरबीचे वय थांबवीत नाही, हे वाक्य त्याने विद्यार्थीदशेत वहीत उतरवून घेतले होते आणि त्याखाली रेघही मारली होती. ते आज त्याला जिभेने वाचून दाखविले.

आक्का त्याच्या तोंडाकडे पाहत होती.

"मीठ जरा कमी आहे," तो म्हणाला.

ती हळूच मान हलवीत राहिली. "वाटलंच मला," ती म्हणाली, आणि डब्याचे झाकण लावू लागली. झाकण लागायला वेळ लागला.

बुधवारी तिने मीठ वाढविले, गुरुवारी लसूण. ताटे परत येतच राहिली. आता रस्साही उरू लागला. शुक्रवारी मुख्याध्यापिकांनी आपल्या खोलीत बैठक बोलाविली. पालकांच्या वतीने एक शिंपी आला होता, त्याच्या गळ्यात माप घेण्याची फीत तशीच लोंबत होती. शीतगृहातर्फे उणे अठरा आला. आक्का भिंतीजवळच्या बाकावर बसली होती. तिने स्वच्छ एप्रन घातला होता.

"मला शास्त्रातलं कळत नाही," शिंपी म्हणाला. "माझी पोरगी उपाशी घरी येते. माल खराब आहे का, एवढं सांगा."

"अहवाल आहे," भाऊ म्हणाला. त्याने कागद टेबलावर सरळ कडेला कडा जुळवून ठेवला. "जंतू नाहीत. खाल्ल्यानं कोणी आजारी पडणार नाही. तापमान कायम..."

"उणे अठरा," मुख्याध्यापिका म्हणाल्या. "म्हणजे माल योग्य आहे."

त्याने कागदाची कडा पुन्हा एकदा सरळ केली. मुख्याध्यापिकांनी चष्मा काढला आणि त्या नरम आवाजात म्हणाल्या, "मग आक्का, उरतो तो हातच."

आक्का उठून उभी राहिली. तिने एप्रनची गाठ सोडली आणि त्याची घडी घालू लागली. "खरं आहे, बाई. माझी चव गेलीय. मला घरच्या माणसानंही सांगितलं, मीठ कमी पडतंय म्हणून. नव्या बाईला चूल द्या. मला भाजी चिरायला ठेवा. चिरताना जीभ लागत नाही."

'घरच्या माणसानं' म्हणताना तिने त्याच्याकडे पाहिले नाही. त्याला या प्रकरणात ओढायचे नाही, एवढी काळजी तिने घेतली. त्या न पाहण्यानेच त्याचे कान तापले.

"मीठ कमी नव्हतं," तो म्हणाला.

"काय?"

"मीठ कमी नव्हतं. तिच्या जिभेला काही झालेलं नाही. मांस खवट झालंय. सहा वर्षांचं आहे ते." त्याचा आवाज त्यालाच परका वाटला. "ते निर्धोक आहे, पण योग्य नाही. माझ्याकडे निर्धोकचा शिक्का नव्हता. मी योग्यचा मारला."

शिंप्याने फीत बोटाभोवती गुंडाळली. "म्हणजे कापड फाटलेलं नाही, पण अंगात घालवत नाही."

"तसंच."

"मग नष्ट करायचं होतं!" मुख्याध्यापिका म्हणाल्या.

"मग विचारलं असतं, इतकी वर्षं मागं राहिलं कसं."

"आता नाही का विचारणार?"

"आता विचारा," तो म्हणाला.

त्यांनी विचारले, आणि त्याने दारापासून भिंतीपर्यंत सर्व सांगितले. शिंपी मध्येच म्हणाला, "साहेब, तुमच्या पोरांना घातलं असतं का हे?" त्याने टेबलावरचा अहवाल उचलून घडी घातली.

बैठक संपल्यावर आक्का व्हरांड्यात थांबली होती. घडी केलेला एप्रन तिने छातीशी धरला होता. मैदानावर मुलांचा कल्ला चालला होता.

"तुला कधी कळलं?" तिने विचारले. "आत्ता, की त्या दिवशी?"

"त्या दिवशी."

"घास तोंडात होता तेव्हाच?"

"हो."

ती मैदानाकडे वळली. "मी काल डॉक्टरकडे गेले होते, जीभ दाखवायला. तो म्हणाला, जीभ तर ठीक दिसते, चव गेली असं सांगितलं कोणी? मी म्हटलं, माझ्या भावानं. तो म्हणाला, भाऊ चुकला असेल. मी त्या परक्या माणसाशी भांडले रे. म्हटलं, माझा भाऊ खाण्याच्या बाबतीत खोटं बोलत नाही."

"आक्का..."

"जा आता. तुझं दार उघडं राहिलं असेल कुठंतरी."

शनिवारी त्याने खणातला दुसरा शिक्का काढला. शाई वाळलेली होती. ती पाणी घालून पातळ करावी लागली. खोकी नेणारी गाडी येईपर्यंत प्रत्येक खोक्यावर त्याने स्वतः 'नष्ट करावे' उमटविले आणि कारणाच्या जागी आपले पद लिहिले. पुढील आठवडाभर मुलांना मांस मिळाले नाही. त्या दिवसांत त्याने शीतगृहाच्या मागच्या भिंतीत दुसरे दार पाडून घेतले: माल एकीकडून आत, दुसरीकडून बाहेर. भिंतीवरचे वाक्य त्याने खरवडून काढले. आता त्याची गरज नव्हती.

नवा माल घेऊन तो स्वतः शाळेत गेला. त्याच्या हातात तापमापक होता, आणि तो स्वयंपाकघराच्या उंबऱ्यावर उभा राहिला. आत आक्का मोठ्या पातेल्यातून पळी काढीत होती. तिने सवयीने एक तुकडा पळीतच फुंकून निववला आणि दाराकडे वळली. त्याने नकळत हात पुढे केला, तळहात वर. ती क्षणभर थबकली. मग वळून तिने तो तुकडा मावशीच्या ओल्या हातावर ठेवला.

"चाखून सांग गं."

मावशीने दोघांकडे आळीपाळीने पाहिले, चावले, गिळले. "आक्का, मीठ बेतशीर आहे," ती म्हणाली. आणि पहिल्यांदाच कसलीही थट्टा केली नाही.

त्याने हात खाली घेतला.

सोमवार, २३ सप्टेंबर. ताटे गेली चारशे बारा; मांस उरलेली परत आली चौदा.