कव्हरवरची पोरगी

प्रानोवोच्या दुकानात दोन गोष्टी बारमाही छापल्या जात: लग्नपत्रिका आणि कुराणातल्या यासीन या अध्यायाच्या पुस्तिका. घरातलं माणूस गेलं की चाळिसाव्या, शंभराव्या, हजाराव्या दिवशी पठणाला आलेल्यांच्या हातात ही पुस्तिका द्यायची आणि कव्हरवर गेलेल्याचा फोटो. लोक आणत तो ओळखपत्रावरचा, डोळे वटारलेला. "जिवंतपणी एक धड फोटो काढून ठेवायला काय होतं यांना?" म्हणून प्रानोवो चडफडायचा. त्यात सेमारांगला दोन दिवसांचं शिबिर करून आल्यापासून तो माहितीपत्रकांतला पंडित झाला होता. कव्हरवर तरुण चेहरा, मजकूर थोडका, शेवटच्या घडीवर पत्ता. हे तो चहावाल्यालासुद्धा ऐकवायचा.

हे सगळं ज्ञान त्याने पहिल्यांदा पाजळलं ते तुगिना बुलिकवर. सोलो शहरात बाजारामागच्या गल्लीत तिचं जामूचं, म्हणजे जडीबुटीच्या काढ्यांचं दुकान चाळीस वर्षं होतं. अख्खी गल्ली तिला बुलिक, म्हणजे मावशी म्हणायची. पोटात जंत झाले की आई प्रानोवोला तिच्याकडेच ओढत न्यायची. किराइताचा कडू पेला बुलिक नाक दाबून पाजायची आणि मग हळद-चिंचेचा गोड पेला हातात द्यायची. आता हमरस्त्यावर नवी ऑफिसं झाली होती आणि तिथल्या लोकांना या गल्लीचा पत्ताच नव्हता. "माहितीपत्रक काढू या, बुलिक," प्रानोवोनेच सुचवलं.

फोटोच्या दिवशी ती लेकीच्या लग्नातला हिरवा कबाया इस्त्री करून घालून आली. अंबाड्यात मोगरा. स्टुलावर ताठ बसून तिने विचारलं, "दात दिसू देऊ की नको?"

"कसंही चालेल," तो कॅमेऱ्याशी खटपट करत म्हणाला.

चाळीस फोटो काढले. कॉम्प्युटरवर मोठे करून बघताना त्याला दिसल्या त्या सुरकुत्या आणि हळदीने कायमची पिवळी पडलेली नखं. शिबिरातल्या मास्तरांनी हे पास केलं नसतं. त्याने इंटरनेटवरून एक गोरी, ओलेत्या ओठांची पोरगी विकत घेतली, तिच्या हातात पेला चिकटवला आणि काम संपवलं. दुसऱ्या दिवशी एका लग्नाचे फोटो काढायचे होते, म्हणून तिचे चाळीसही फोटो कुठेच न ठेवता कॅमेऱ्यातलं कार्ड पुसून रिकामं केलं.

पत्रक हातात आल्यावर बुलिकने तिन्ही घड्या उघडल्या, मिटल्या, पुन्हा उघडल्या. मागची बाजूही बघितली. मग म्हणाली, "छान झालंय. पोरगी गोड आहे." प्रानोवोने ते कौतुक म्हणून खिशात घातलं.

दोन महिन्यांत पत्रकं संपली. नव्या छपाईचं विचारायला तो छाती काढून गेला, तर गल्ल्यावर विजी. शेजारच्या घरची नवी सून, तोंडाला पावडर लावून बसलेली.

"बुलिक कुठायत?"

"आत. त्या पुढे येत नाहीत आता."

"आजारी आहेत?"

"छे. तुमच्या कागदाने आत बसवलंय." विजी पेले पुसत होती. "ऑफिसातली माणसं कागद घेऊन येतात आणि त्या पोरीला शोधतात. एकाने तर बुलिकना विचारलं, आजी, तुम्ही इथे कामाला का? दुसऱ्या दिवशी मला हाक मारली. म्हणाल्या, तू गोरी आहेस, बस पुढे."

पडद्यामागे बुलिक पाटावर बसून हळद वाटत होती. त्याला बघून तिचा चेहरा फुलला. "आलास? केवढी गर्दी असते रे हल्ली. तुझ्यामुळे."

"पण तुम्ही आत का बसता?"

"कागदावर एक आणि दुकानात भलतीच, लोकांना फसवल्यासारखं वाटतं. तुझ्या कामाला बट्टा नको लागायला."

तिच्या बोलण्यात टोमणा असता तर बरं झालं असतं. तो नव्हता. प्रानोवोला मेल्याहून मेल्यासारखं झालं. चाळीस वर्षांची दुकानदारीण त्याने तीन घड्यांच्या कागदाने पडद्याआड ढकलली होती, आणि वर ती त्याचीच अब्रू सांभाळत होती.

"बुलिक," तो कसाबसा म्हणाला, "या वेळी तुमचाच फोटो छापू."

"नको रे. चाललंय ते चालू दे." तिने पाट्यावरून हात काढून कमरेच्या फडक्याला पुसले. "पण त्या दिवशीचा एक जपून ठेव. माझ्या यासीनच्या पुस्तिकेला होईल. ते काम तुझ्याकडेच यायचंय ना? लेकीला सांगून ठेवलंय मी, ओळखपत्रावरचा देऊ नकोस, माझा चांगला फोटो प्रानोवोकडे आहे."

प्रानोवोला पुसलेलं कार्ड आठवलं.

"आहे ना रे?"

"आहे," तो म्हणाला.

"हसले होते का मी त्यात? तू कसंही चालेल म्हणालास, मला काही कळेचना."

प्रानोवोने आठवून बघितलं. सुरकुत्या आठवल्या, नखं आठवली. चाळीसपैकी एकाही फोटोत ती हसली होती की नाही, ते त्याला आठवेना.

"हो," तो खाली बघत म्हणाला. "छान हसलायत."