सतरा नंबरचं कपाळ

नवऱ्याने बायकोपेक्षा जास्त जपलेली वस्तू बायकोने किती वर्षं पुसायची, सांगा बघू! मी आपली पुसत आले. बाहेरून. आतल्याला हात लावायची मला मुभा नव्हती.

आमच्या ह्यांचा, म्हणजे भानुदास कुवेसकरांचा, बिस्किटांचा एक पत्र्याचा डबा आहे. झाकणावर शिडाची होडी. इथे शारजात तेव्हा एक बिस्किटांची कंपनी होती, कधीच बंद पडली. तिने शहाऐंशी साली पुड्यांमध्ये क्रिकेटची कार्डं टाकली होती. तुम्ही म्हणाल, वा, मोठमोठे खेळाडू असतील! कसले मोठे आलेत? मोठ्यांची कार्डं बबलगमवाले द्यायचे, पोरं त्यासाठी एकमेकांची डोकी फोडायची. ह्या बिस्किटवाल्याची तेवढी ऐपत नव्हती. त्याने इथल्या कंपन्यांच्या शुक्रवारच्या सुट्टीतल्या लीगमधली माणसं धरून आणली. कोणी ड्राफ्ट्समन, कोणी एसी मेकॅनिक, कोणी क्रेनवाला. छत्तीस कार्डांचा सेट. पोरं बिस्किट खायची आणि कार्ड तिथेच टाकून जायची. ह्यांनी ती वेचून, मागून, प्रसंगी उकिरड्यातून काढून सेट पुरा केला, कारण त्यात सतरा नंबरला हे स्वतः होते.

पण खोटं कशाला बोलू, कार्डं मोठी गोड आहेत. हे आंघोळीला गेले की मी चोरून बघायचे. मैदानावर गवताचं पातं नाही, सगळी वाळू, म्हणून छापणाऱ्याने मागे निळंशार आकाश रंगवून टाकलंय. लाल शाई जराशी सरकलेली, त्यामुळे छत्तीसच्या छत्तीस जण पान खाऊन उभे आहेत असं वाटतं. पॅडची एकच जोडी सगळ्यांच्या पायांत. आणि मागच्या बाजूला काय लिहिलंय माहितीये? ‘दिवसा: क्रेन ऑपरेटर. शुक्रवारी: लेगस्पिन. आवड: आईला पत्र लिहिणे.’ अहो, मोठ्या खेळाडूंच्या कार्डावर नुसते आकडे असतात. इथे माणूस असतो. ह्यांच्या कार्डावर होतं, ‘दिवसा: स्टोअरकीपर. शुक्रवारी: ओपनिंग बॅट. आवड: सिनेमा.’ तेवीस वर्षांचे, मिशा नुकत्याच जमलेल्या. मला सांगून आलेल्या मुलाच्या फोटोपेक्षा हा मुलगा बरा दिसत होता. लग्नात मला मिळाला तो फोटोतला.

यंदा ह्यांची नोकरी संपली. कंपनीने केक कापला, घड्याळ दिलं आणि व्हिसा कॅन्सल करायला पीआरओकडे, म्हणजे सरकारी कागदपत्रं बघणाऱ्याकडे, पाठवलं. खलास! जानेवारीत आम्ही कायमचे चिपळूणला जाणार. तेव्हापासून ह्यांना एकच ध्यास लागला. अल मजाजच्या आमच्या बाल्कनीत उभे राहून समोरच्या खाडीकडे बघत म्हणायचे, “ह्या गावातली अर्धी पाइपलाइन माझ्या स्टोअरमधून गेली गं. पण माझं नाव कुठे आहे? उद्या विमान उडालं की भानुदास कुवेसकर इथे होता हे कुणाला कळणार?” मला वाईट वाटायचं. खरंच वाटायचं. मी इथे होते हे कुणाला कळणार, असा प्रश्न मलाही पडत असेल हे ह्यांच्या मनात कधी आलं नाही, ते सोडा.

शर्वाणी, आमची लेक, दुबईला करामातल्या एका ऑफिसात डिझाइनचं काम करते. तिने कार्डांचा फोटो इंटरनेटवर टाकला. लगेच जैनब नावाच्या मुलीचा मेसेज आला. शारजाचीच, अरब, जुन्या शारजावर प्रदर्शन भरवत होती. डिसेंबरात उघडणार आणि पुढे कायम तिथेच राहणार. “बाबा, शी वॉन्ट्स द होल सेट,” शर्वाणी म्हणाली. “शी सेज नोबडी हॅज इट. ऑन द वॉल, बाबा, परमनंट!” ह्यांच्या डोळ्यांत पाणी आलं. म्हणाले, “बघ कुंदा, हा डबा म्हणजे माझं आयुष्य आहे आयुष्य. माझं हत्यार आहे हे. ह्याच्यावरच मी उभा राहिलो इथे.”

हत्यार म्हणाले. तोंडाने म्हणाले. आता ऐका.

चारच दिवसांनी खंडेनवमी आली. ज्यावर आपलं पोट चालतं, त्याची पूजा करायची, हे मी आईकडून शिकले, आणि परदेशात आले म्हणून सोडलं नाही. पाटावर लाल कापड घातलं. विळी, कात्री, गाडीची किल्ली, शर्वाणीचा लॅपटॉप. ह्यांची नोकरी गेलेली, तर ह्यांचं म्हणून काय ठेवू? मला ते वाक्य आठवलं. डबा आणला. झाकण काढलं आणि ह्यांचं कार्ड सगळ्यांत वर ठेवलं. बाकीच्या पस्तिसांवर नुसत्या अक्षता. ह्यांना मात्र कुंकू लावायला हवं, नाही का? धनी माझे. कुंकू पाण्यात कालवलं, अनामिका बुडवली आणि कपाळाला लावायला गेले.

कार्डावरचं कपाळ केवढं? मसुराच्या डाळीएवढं. माझं बोट केवढं? कपाळ, डोळे, मिशा, सगळं एका टिळ्यात गेलं. पुसायला गेले तर निळ्या आकाशापर्यंत फराटा उठला. जुना कागद तो, ओलं कुंकू असं प्यायला की विचारू नका.

संध्याकाळी ह्यांनी पाहिलं. ओरडले नाहीत. ओरडले असते तर परवडलं असतं. खुर्ची ओढून माझ्यासमोर बसले आणि अगदी सावकाश बोलले, “एक काम, कुंदा, एक काम तुला आयुष्यात धड जमलं का? भात करपवतेस, ठीक. मुलगा ठेवता आला नाही तुला, त्यावरही मी कधी बोललो नाही.”

शर्वाणीच्या आधीचा आमचा मुलगा सातव्या महिन्यात पोटातच गेला होता. त्यावर हे कधी बोलले नव्हते, हे खरंच. एवढी वर्षं राखून ठेवलं होतं आणि कशासाठी वापरलं, तर बिस्किटाच्या कार्डासाठी.

“अहो, काय बोलताय!” मी म्हटलं. ते उठून बातम्या बघायला गेले.

दोन दिवसांनी जैनब आली. काळी अबाया, पांढरे बूट, आणि हिंदी अशी की आपण लाजावं. मी चहा आणि चकल्या ठेवल्या. हे सोफ्यावर ताठ बसले होते. पाहुण्यांसमोर नेहमी सांगतात तो विनोद त्यांनी सांगितला, “हमारी मिसेस को पूछो एक ओव्हर में कितने बॉल, बोलेगी आठ.” जैनब हसली नाही. मला बरं वाटलं.

तिने पांढरे हातमोजे घातले आणि एकेक कार्ड उचलून वाचू लागली. क्रेनवाल्याचं तिने दोनदा वाचलं. “अंकल, दुनिया में सब लोग हीरो का कार्ड रखते हैं. ये तो जिन्होंने मेरा शहर बनाया, उनका है.” मग सतरा नंबर हातात आला. हे घाईघाईने म्हणाले, “वो खराब हो गया. मिसेस ने किया. अडाणी है, क्या करें.”

“ये क्या है, आंटी?” जैनबने मला विचारलं. मला. ह्यांना नाही.

मी माझ्या मोडक्या हिंदीत सांगितलं, “साल में एक दिन, जिससे घर चलता है, उसकी पूजा करते हैं. मैंने इनको टीका लगाया.”

तिने कार्ड खिडकीच्या उजेडात धरलं. मग म्हणाली, “माशाल्ला. ये सबसे अच्छा है. ये बीच में लगेगा, सबसे बड़ा. नीचे लिखूँगी, सत्रह नंबर, भानुदास कुवेसकर, और ये रंग उनकी बीवी कुंदा के हाथ का है.”

देवाशपथ सांगते, माझ्या अंगावर काटा आला. भिंतीवर आम्ही दोघं! मी ह्यांच्याकडे बघितलं. वाटलं, आता तरी हसतील. त्यांना हवं होतं तेच मिळत होतं की, तेही सगळ्यांच्या मधोमध.

“माझ्या कार्डाखाली हिचं नाव?” हे मराठीत म्हणाले, मग हिंदीत. “इसका क्या संबंध? खेला मैं. धूप में मैं खड़ा था. ये घर में बैठती थी.”

“अंकल, आंटी का नाम नहीं तो दाग की कहानी अधूरी...”

“मुझे दाग नहीं चाहिए!”

आणि त्यांनी तिच्या हातातून कार्ड ओढलं. मला वाटलं खिशात घालतील. त्यांनी ते फाडलं. उभं, मग आडवं. बारीक बारीक तुकडे होईपर्यंत फाडत राहिले, आणि चकल्यांच्या बशीत टाकले. “बाबा! आर यू मॅड?” शर्वाणी किंचाळली. जैनबने हातमोजे काढले. तिच्या चेहऱ्यावर अशी कीव होती की ती मला सहन झाली नाही.

तिने तरी जाता जाता मार्ग काढायचा प्रयत्न केला. शर्वाणीच्या फोटोवरून कॉपी छापू म्हणाली. फोटो मोठा करून बघितला, तर ह्यांनी आपलं कार्ड कौतुकाने हातात धरलेलं, आणि अंगठा नेमका स्वतःच्या तोंडावर. पस्तीस कार्डं जैनबबरोबर गेली. रिकामा डबा घरी राहिला.

रात्रीपर्यंत ह्यांना कळून चुकलं, काय केलं ते. मग सुरू झालं माझ्यावर. तुझ्या हाताला यश म्हणून नाही, तू ते कुंकू फासलं नसतंस तर, तू तोंड उघडलं नसतंस तर. ऑक्टोबर गेला, नोव्हेंबर गेला. जेवताना तेच, सामान बांधताना तेच. मी ऐकून घेत होते. चटणीत मीठ कमी आहे हे ऐकावं तसं.

डिसेंबरात प्रदर्शन उघडलं. हे ब्लेझर घालून आले, ऑफिसच्या पार्टीचा. काय सुंदर मांडलं होतं त्या पोरीने! एकेका कार्डावर वेगळा दिवा. क्रेनवाला, ड्राफ्ट्समन, एसी मेकॅनिक, सगळे पानं खाऊन ताठ उभे. लोक मागची अक्षरं वाचून हसत होते, डोळे पुसत होते. सोळा आणि अठराच्या मध्ये एक रिकामी चौकट आणि खाली छोटी पट्टी, ‘१७. उपलब्ध नाही.’ नाव नव्हतं. जैनबने नाव घालू का म्हणून फोन केला होता, तेव्हा हेच गरजले होते, “कार्ड नाही तर नाव कशाला? भीक नको मला.”

आता ते त्या चौकटीसमोर उभे राहिले. शर्वाणी गाडी पार्क करायला गेली होती, जैनब लांब, कॅमेरेवाल्यांच्या घोळक्यात. कुठल्याशा क्रिकेट अकादमीची सात-आठ पोरं आणि त्यांचा कोच बघत बघत आमच्यापाशी आले. एक पोरगा म्हणाला, “सेव्हन्टीन इज मिसिंग, सर.”

“सेव्हन्टीन इज मी,” हे म्हणाले.

पोरांनी एकमेकांकडे बघितलं. ह्यांनी सांगायला सुरुवात केली. ओपनिंग बॅट, मॅटिंगची विकेट, वाळूत हरवलेले बॉल. आवाज चढत गेला. एक पोरगा तोंडावर हात धरून हसला, मग दुसरा. कोच नम्रपणे मान डोलवत होता, वेड्या माणसासमोर डोलवतात तशी. ह्यांच्या ते लक्षात आलं. कपाळावर घाम फुटला. आणि छत्तीस वर्षांच्या संसारात पहिल्यांदा हे चारचौघांत माझ्याकडे वळले.

“कुंदा, सांग ना ह्यांना. तू सांग. मी होतो ना?”

आवाज असा केविलवाणा की दगडाला पाझर फुटावा. तो कोच माझ्याकडे बघू लागला. पोरंही. मी एक शब्द बोलले असते तरी पुरे होतं. हो, एवढंच. सगळ्यांनी विश्वास ठेवला असता, कुणी फोटोही काढला असता.

मी पदर सारखा केला आणि त्या कोचला म्हणाले, “बुरा मत मानना, बेटा. उमर हो गई है इनकी. कहीं भी जाते हैं तो बोलते हैं, ये मैं हूँ.”

“नो प्रॉब्लेम, आंटी,” तो हळूच म्हणाला, आणि पोरांना पुढे घेऊन गेला.

हे माझ्याकडे बघत राहिले. मी त्यांचा दंड धरला, घट्ट, आजारी माणसाचा धरतात तसा, आणि म्हटलं, “चला, पाय दुखतील तुमचे.”