हरलेल्याने द्यायचा विडा

“टेकडीवर कोण आहे ते सांग ने, धनाजी,” पिलाजीराव बडोद्याच्या गुजराती वळणाने म्हणाले.

“माझ्या दोन तोफा. आणि पायथ्याला पलटण.”

“बरं,” म्हणत पिलाजीरावांनी आपल्या बाजूच्या कवड्या बोटांनी चाचपल्या. त्यांच्या डोळ्यांना आता उजेड आणि अंधार एवढाच फरक कळत होता. समोरच्या मेजावरची टेकडी, आमराई, तोफा, सगळे त्यांना धनाजीरावांच्या तोंडून ऐकावे लागे. शत्रूनेच आपल्या फौजेची खबर द्यायची, असा हा उफराटा मामला दिवाळीपासून चालला होता. आज तोही संपायचा होता. संध्याकाळच्या गाडीने पिलाजीराव लेकीच्या गावी, पादऱ्याला, कायमचे राहायला निघाले होते. पादरा काही काशीइतके लांब नव्हे. पण आंधळ्या म्हाताऱ्याला तेथून पुन्हा बडोद्याला कोण आणणार?

मेज मूळचे पलटणीतले. कोणा गोऱ्या साहेबाने अंमलदारांना लढाई शिकवायला ते करवून घेतले होते. चारी बाजूंनी काठ, आत वाळू. वाळूचे डोंगर-नाले करायचे, शिशाचे शिपाई मांडायचे आणि कोण मेले ते फासा टाकून ठरवायचे. पुढे साहेब गेला, शिपाई कोणीतरी लांबवले आणि मेज अडगळीत पडले. हे दोघे जमादार पेन्शनीत निघाले तेव्हा धनाजीरावांनी ते मागून घरी आणले. आता वाळू विश्वामित्री नदीतली होती. धनाजीरावांची फौज चिंचोक्यांची, पिलाजीरावांची कवड्यांची, आणि तोफा म्हणजे जुन्या कोटांची पितळी बटणे. निशाण म्हणून दोन्हीकडे उदबत्तीची एकेक काडी. ज्याची काडी पडली तो हरला.

पाहणाऱ्याला हा पोरखेळ वाटे, आणि धनाजीरावांच्या बायकोला, येसूबाईंना, तर तो उघड उघड पोरखेळच वाटे. पण दोघांच्या आजोबांनी अंगावर वार घेतले होते आणि या दोघांच्या वाट्याला उभ्या नोकरीत लढाई आलीच नव्हती. कवायत केली, स्वाऱ्यांपुढे चालले, सलामीच्या तोफांनी कान बधिर करून घेतले आणि घरी बसले. महाराज सरकारांच्या हीरक महोत्सवाच्या कमानी शहरात अजून उभ्या होत्या, त्यांच्याखालून चालायलाही यांना कोणी बोलावले नव्हते. लढले ते एवढ्या मेजावर. त्यामुळे तिथे हरणे धनाजीरावांच्या फार जिव्हारी लागे.

रिवाज मात्र त्यांनीच घातला होता. डाव संपला की हरलेल्याने जिंकलेल्याला आपल्या हाताने विडा द्यायचा. पिलाजीराव हरत तेव्हा हसत हसत देत, वर मुजराही करत. धनाजीराव हरले की एकाएकी काहीतरी निघे. फासा वाकडा होता. वाळू ओली होती. घोडदळ दमले होते. चिंचोके दमले म्हणे! मग ते तरातरा परसात निघून जात आणि विडा येसूबाईंना द्यावा लागे. “उद्या बघतो तुला!” असा परसातून आवाज येई, आणि दुसऱ्या दिवशी पिलाजीराव हजर. इतक्या वर्षांत धनाजीरावांच्या हातचा विडा काही त्यांना मिळाला नव्हता.

आज येसूबाईंनी तबकात विडे आणून ठेवताना नवऱ्याला दाराआड गाठले होते.

“आज तरी नीट वागा. हरलात तर हातानं द्या.”

“हरलो तर ने?”

“भावोजी का परत येणार आहेत हरायला?”

 धनाजीरावांनी मनाशी ठरवले होते, शेवटचा डाव आपला. तो जिंकला की मागचे सगळे धुऊन निघेल.

डाव खरेच चांगला पडत होता. टेकडीवरच्या बटणांनी पिलाजीरावांच्या कवड्या झोडपून काढल्या होत्या.

“डाव्या अंगाला कोण?”

“घोडदळ. आमराईच्या आड.”

“आड आहे तर मला दिसायला नको होतं. सांगितलंस कशाला?”

“तू विचारलंस म्हणून!” धनाजीराव खेकसले.

पिलाजीराव गालातल्या गालात हसले आणि उरलेल्या कवड्या बोटांनी मोजू लागले. धनाजीरावांनी हिशेब केला, आता एकदाच घोडदळ सोडले की याची काडी आडवी. त्यांना आताच मिशीवर हात फिरवावासा वाटू लागला.

“आज नाला काढलायस का रे?” पिलाजीरावांनी विचारले.

“काढलाय. टेकडीला वळसा घालून.”

“त्यात कोणाला बसवलंयस?”

धनाजीरावांनी खाली पाहिले. सकाळी पळीच्या दांड्याने हा नाला त्यांनी हौसेने काढला होता. पिलाजीरावांच्या कवड्यांपासून निघून तो थेट धनाजीरावांच्याच निशाणाशी येत होता, आणि त्यात एक चिंचोका नव्हता. सगळी फौज समोर तोंड करून बसली होती.

‘दोन तुकड्या आहेत,’ एवढेच म्हणायचे होते. हवे तर दोन चिंचोके खरेच तिथे ठेवता आले असते. येसूबाई आत होत्या, बघणारे कोणी नव्हते. धनाजीरावांचा हात चिंचोक्यांपर्यंत गेलाही. मग त्यांनी पिलाजीरावांकडे पाहिले. म्हातारा मान किंचित तिरकी करून वाट बघत होता. आपण जे सांगू त्यावर हा मुकाट्याने आपली फौज घालणार, इतक्या वेळात त्याने एकदाही ‘खरं ना?’ म्हणून विचारलेले नाही, हे धनाजीरावांच्या ध्यानात आले. एकदम फार थकल्यासारखे झाले त्यांना. आणि जिंकून तरी सांगायचे कोणाला? ज्याला सांगायचे तोच निघाला होता.

“कोणी नाही,” ते म्हणाले. “मोकळा आहे.”

“विसरलास?”

“विसरलो.”

पिलाजीरावांनी एकेक कवडी नाल्यात घातली. नाला त्यांनी बोटानेच ओळखला. फासा पडला, धनाजीरावांनी खाली वाकून दान खरे तेच वाचले आणि आपल्याच हाताने आपली काडी आडवी केली.

“पडली?”

“पडली.”

पिलाजीराव जरा थांबले. परसाकडे जाणाऱ्या पावलांची वाट बघत असावेत.

“फासा वाकडा होता काय रे?”

“सरळ होता.”

“मग वाळू ओली असेल.”

“कोरडी ठणठणीत आहे. हरलो मी, पिलाजी. खाशी चाल केलीस.”

धनाजीरावांनी तबकातला विडा उचलून दोन्ही हातांनी पिलाजीरावांच्या ओंजळीत ठेवला. मग कंबरेतून वाकून मुजरा केला. तो पिलाजीरावांना दिसणार नव्हता, तरी केला. छातीवरचे ओझे उतरल्यासारखे वाटले. एवढे सोपे होते तर आजवर का दिला नाही, असेही वाटून गेले.

पिलाजीरावांनी विडा कपाळाला लावला आणि काठी चाचपत ते उठून उभे राहिले.

“अरे, उठलास काय? बस ने! चहा टाकलाय. टांग्याला अवकाश आहे.”

“विडा दिलास ने?”

“दिला. मग?”

“मग विडा हातात पडल्यावर बसून कसं चालेल?”

 दरबारचा कायदा धनाजीरावांना काय ठाऊक नव्हता? विडा मिळाला की भेट संपली, माणसाने उठायचे. त्यांनी दिला होता मान म्हणून, आणि याने घेतला निरोप म्हणून. चूक कोणाचीच नव्हती. आपण विडा अडवून धरला म्हणूनच हा रोज उद्या येत राहिला, हे त्यांना आत्ता कळले आणि तो परत हिसकावून घ्यावासा वाटला.

“तोंडात तरी टाक.”

“पादऱ्याला पोचल्यावर खाईन,” म्हणून पिलाजीरावांनी विडा उपरण्याच्या टोकाला गाठ मारून ठेवला.

थोड्या वेळाने टांगा आला. “चालो दादा, गाडी छूटी जशे,” गाडी सुटेल म्हणून टांगेवाल्याने घाई केली. धनाजीरावांनी मित्राला हात धरून वर बसवले. “आवजो,” ते म्हणाले. बडोद्यात जाणाऱ्याला ‘परत या’ असेच म्हणतात. पिलाजीरावांनी नुसता हात उचलला.

येसूबाई तबक उचलायला आल्या. “कोण जिंकलं?”

“पिलाजी.”

“आणि विडा?”

“दिला.”

त्यांनी नवऱ्याकडे पाहिले. नेहमीच्या सवयीने वाळू सपाट करायला हात पुढे केला.

“राहू दे,” धनाजीराव म्हणाले.

त्या आत गेल्यावर ते मेजाशी बसून राहिले. मग त्यांनी पायथ्याचे दोन चिंचोके उचलले आणि नाल्याच्या तोंडाशी, जिथे पहारा हवा होता तिथे, नीट नेऊन ठेवले.