उतारावरची गाडी

सासऱ्यांनी कीबोर्डवरून बोटं उचलली, तळहात पँटला पुसले आणि आतल्या खोलीकडे तोंड करून हाक मारली.

"सूनबाई, तुझी ही गाडी डोंगर उतरताना अडखळते."

ती घड्या घालत असलेले कपडे तसेच ठेवून बाहेर आली. पडद्यावर एक लाल शर्यतीची गाडी कठड्याला नाक लावून आडवी उभी होती. बाकीच्या गाड्या केव्हाच पुढे निघून गेल्या होत्या.

लॅपटॉप तपासून त्यावर लिहिणं हे तिचं काम. एका मासिकात ती बरीच वर्षं ते करत होती, तेही कुणाची भीडभाड न ठेवता, म्हणून लोक खरेदीला निघण्याआधी तिचं पान वाचत. सध्या टेबलावर होता तो खास खेळांसाठी बनवलेला, भलताच ताकदवान लॅपटॉप. फाइलसारखा काखेत मारून नेता येईल इतका सडपातळ, आणि तरी वेगात सगळ्यांचा बाप, असा त्याचा गवगवा होता. इतर परीक्षकांनी त्याला आधीच डोक्यावर घेतलं होतं. तिच्याही चाचण्या उरकल्या होत्या, कौतुक लिहून झालं होतं, फक्त गुण द्यायचे बाकी होते. तेवढ्यात मशीन मोकळं दिसलं म्हणून सासरे जेवण झाल्यावर खेळायला बसले होते, ते अजून उठले नव्हते.

सासऱ्यांच्या तक्रारी घराला नव्या नव्हत्या. चहा पुचाट असे, वर्तमानपत्र उशिरा येई, वरच्या मजल्यावरचे लोक चालत नसत, नाचत. तिनं याही तक्रारीची त्यांतच गणना केली आणि शक्य तितक्या गोड आवाजात सुचवलं, की मशीन ठणठणीत आहे, बोट घसरलं असेल.

म्हाताऱ्यांना ते लागलं. त्यांनी दोन्ही हात तिच्यासमोर पसरले. ते दातांचे डॉक्टर होते. सारा जन्म त्यांनी लोकांच्या जबड्यांत सुया आणि चिमटे घातले होते.

"हे हात घसरणारे असते, तर माझ्याकडे दुसऱ्यांदा कोण आलं असतं?"

हात खरोखरच स्थिर होते. ती खुर्चीवर बसली.

तिच्या नेहमीच्या चाचण्या छोट्या असत. एक झाली की आकडे टिपून घ्यायचे, मग दुसरी; तेवढ्यात मशीन दम खाऊन घेई. आता तिनं त्याला दम खाऊच दिला नाही. सगळ्यात जड खेळ लावला आणि पडद्याच्या कोपऱ्यात उमटणारी मशीनच्या वेगाची रेषा बघत राहिली. सुरुवातीला मशीन असं उधळलं की तिला पुन्हा त्याचं कौतुक वाटलं. मग पंखे घोंगावू लागले, कीबोर्डचा मधला भाग हाताला चटका देऊ लागला आणि रेषा एकदम खाली आली. थोडी सावरली, पुन्हा कोसळली. आत कोंडलेली उष्णता बाहेर पडायला त्या सडपातळ अंगात जागाच नव्हती; जीव वाचवायला मशीन आपला वेग आपणच कापत होतं. नेमकं उतारावर, खेळ रंगात आला असताना.

तिनं लिहिलेलं सगळं कौतुक पुसून टाकलं. दुसऱ्या दिवशी पुन्हा चाचणी केली, तिसऱ्या दिवशीही केली. दर वेळी तेच. मग दातांचे डॉक्टर असलेल्या सासऱ्यांच्या तक्रारीपासून सुरुवात करून तिनं पान नव्यानं लिहिलं.

संपादकांनी रीतीप्रमाणे कंपनीचं म्हणणं मागवलं, आणि कंपनीचा विक्रीप्रमुख खवळला. बाईंच्या घरी धूळ असेल, खोली गरम असेल, चाचणीची पद्धतच चुकीची असेल. आणि एखाद्या सेवानिवृत्त गृहस्थाला गाडी हाकता आली नाही, हा काय मशीनचा दोष झाला? त्याचं सगळं ऐकून घेऊन संपादकांनी तिला बोलावलं. माणूस सरळ होता, पण घाबरलेला होता. बाकी सगळं जग एकीकडे आणि आपण एकटे दुसरीकडे, असं त्याला दिसत होतं.

"खात्री आहे ना तुझी? आपटलो तर दोघंही आपटू. नंतर तुझ्या पानावर कोण विश्वास ठेवणार?"

"मग चाचणी कंपनीच्याच खोलीत करू," ती म्हणाली. "त्यांच्याच मशीनवर."

कंपनीची खोली गारेगार होती. लांब टेबलाच्या एका बाजूला ती आणि संपादक, समोर विक्रीप्रमुख आणि एक पांढऱ्या केसांचा अभियंता. मशीन थंड ठेवायची व्यवस्था यांनीच आखली, अशी त्याची ओळख करून दिली गेली. त्यानं नुसती मान हलवली. त्याच्यासमोरची कॉफी तशीच राहिली.

खेळ सुरू झाला. भिंतीवरच्या मोठ्या पडद्यावर वेगाची रेषा उमटत गेली. घरी जिथं ती कोसळली होती ती जागा आली, आणि रेषा सरळ पुढे निघून गेली. विक्रीप्रमुखानं तिला बिस्किटं घ्यायचा आग्रह केला. आता तो फार प्रेमानं बोलत होता. चुका सगळ्यांच्याच होतात, आपण मनावर घेत नाही, असं काहीतरी तो सांगत होता. संपादकांचा पाय टेबलाखाली नाचायला लागला होता.

आपलं कुठं चुकलं ते शोधत तिची नजर पडद्यावरून मशीनवर आली, आणि तिला दिसलं, की मशीन पुढे किंचित कललेलं आहे. मागच्या कडेखाली पारदर्शक टेकू होता, काचेसारखा, सहज लक्षात न येणारा. खालून भरपूर गार वारा मिळत होता. ती बोलायला म्हणून सरसावली, शब्दही जुळवले, पण त्याआधीच समोरची खुर्ची सरकली.

अभियंता उठून टेबलाला वळसा घालून आला. झोपलेलं मूल उचलावं तसं त्यानं चालू मशीन दोन्ही हातांनी उचललं, कोपरानं टेकू बाजूला सारला आणि मशीन सपाट टेबलावर ठेवलं.

"घरी लोक असंच ठेवतात," तो म्हणाला.

विक्रीप्रमुख त्याच्याकडे बघतच राहिला. अभियंता मात्र आपल्या जागेवर परत गेला नाही. तिच्या शेजारची रिकामी खुर्ची ओढून तिथंच बसला.

पंख्यांचा आवाज चढला. रेषा काही वेळ टिकली, थरथरली आणि कोसळली. थोडी सावरली, पुन्हा कोसळली. संपादकांचा पाय थांबला. तिला टेबलावर मूठ आपटावीशी वाटत होती. तिनं ती मांडीवर घट्ट आवळून धरली. निघताना अभियंत्यानं हळूच विचारलं, की या आलेखाची एक प्रत मिळेल का.

"तुमच्याकडे असतील ना असे?" तिनं विचारलं.

"ढीगभर आहेत. माझे वरच्यांनी पाहून बाजूला ठेवले. तुमचा छापून येईल."

तो छापून आला. चार दिवसांत वाचकांनी आपापल्या घरी तीच चाचणी करून पाहिली, इतर परीक्षकांनी मुकाट्यानं आपलं लिखाण दुरुस्त केलं, आणि कंपनीनं विक्री थांबवून विकलेली मशीनं परत मागवली. संपादकांनी तिचं पान मोठं करून कचेरीच्या दारासमोर लावलं. सासऱ्यांनी तर सगळी इमारत पालथी घातली. दोष कुणी पकडला हे सांगत ते जिना उतरले, आणि तळमजल्यावर पोहोचेपर्यंत त्या गोष्टीत सुनेचा वाटा फारसा उरला नव्हता. तिनं तो मागितलाही नाही.

पुढे ऋतू बदलला, आणि एका दुपारी अभियंता स्वतः नवं मशीन घेऊन दारात उभा राहिला. ते बोटभर जाड झालं होतं.

"शेवटी ऐकलं त्यांनी," तो म्हणाला, आणि पहिल्यांदाच मोकळेपणानं हसला.

तिनं मशीन सपाट टेबलावर ठेवलं आणि अजिबात दया न दाखवता पिदडलं. रेषा पट्टीनं आखल्यासारखी चालत राहिली. पण अभियंत्याचं तिकडे लक्ष नव्हतं. चहा संपवून त्यानं चौकशी केली, की ते डॉक्टरसाहेब घरी आहेत का.

सासरे जणू बोलावण्याचीच वाट बघत होते. बाह्या दुमडून ते खुर्चीत बसले, लाल गाडी निवडली आणि डोंगर चढून गेले. अभियंत्यानं शेजारी स्टूल घेतलं. तो पडद्याकडे बघतच नव्हता. म्हाताऱ्याच्या चेहऱ्याकडे बघत होता. उतार सुरू झाला. सासऱ्यांचे ओठ मिटले, वळणाबरोबर खांदे एकदा डावीकडे कलले, एकदा उजवीकडे.

"डॉक्टरसाहेब, अडखळते का?" अभियंत्यानं विचारलं.

त्यानं जरा पुढे वाकून पुन्हा विचारलं.

"अहो, थांबा की जरा," सासरे पडद्यावरची नजर न हलवता म्हणाले. "पहिला नंबर येतोय."

अभियंता थांबला. त्याला आता कसलीच घाई नव्हती.