कोपऱ्यातला फोन नंबर

ग्रंथालयाच्या नव्या वेबसाइटची चाचणी बघायला ग्रंथपालसाहेब स्वतः येऊन बसले होते. कर्मचाऱ्यांना ती जमली तरच सोमवारी सुरू होणार, नाहीतर सहा महिन्यांची मेहनत पाण्यात. वेबसाइट बनवणाऱ्या मुलीने घड्याळ लावलं.

"मावशी, मधमाश्यांवरचं पुस्तक आत आहे का, शोधा बरं."

देवघेवीच्या काउंटरवर तीस वर्षं काढलेल्या मावशींनी माउसला हातही लावला नाही. "नाहीये. दातांच्या डॉक्टरीणबाईंनी नेलंय."

"असं तोंडी नाही हो! समजा, तुम्ही घरी बसलेल्या वाचक आहात. तुम्हाला यातलं काही म्हणजे काही ठाऊक नाही."

"बरं बाई, नाही ठाऊक." मावशींनी चष्मा सारखा केला, पडदा वरपासून खालपर्यंत निरखला आणि खूश होऊन मोबाइल काढला. पडद्याच्या कोपऱ्यात ग्रंथालयाचा नंबर होता, तो त्यांनी लावला. काउंटरवरचा फोन खणखणला. "आले, आले!" म्हणत मावशी तो उचलायला धावल्या.

साहेबांना हसू आवरेना. मुलीने मात्र वहीत खरं तेच लिहिलं: शोधाची चौकट दिसलीच नाही, नंबर लगेच दिसला.

मग तिने दहा मिनिटं मागून घेतली, नंबराच्या जागी ती चौकट आणली आणि वाचनकक्ष सांभाळणाऱ्या भाऊंना बसवलं. भाऊंनी आठ सेकंदांत पुस्तकाचा पत्ता लावला.

"करा सोमवारी सुरू," साहेब म्हणाले.

"म्हणजे आता मला कुणी फोनच करायचा नाही?" मावशी फणकारल्या.