उजवं पेडल

प्रियदर्शनीबाईंनी चपला काढल्या, साडीच्या निऱ्या किंचित वर धरल्या आणि दोन्ही पाय काळ्या प्लॅस्टिकच्या पेडलांवर ठेवले. उजवा पाय दाबला तसं डावं पेडल अलगद मागे आलं. डावा दाबला, उजवं मागे आलं. मग त्यांनी जरा जोर दिला, तर सगळी चौकटच दुकानाच्या गुळगुळीत फरशीवरून घसरत टेबलाखाली गेली.

"हे पळतंय," त्या म्हणाल्या.

"खाली रबर लावून देतो की, काकू." शिवतेजनं वाकून पेडलं पुन्हा जागेवर ओढली. विश्रामबागेत कॉलेजच्या मुलांना कॉम्प्युटर आणि खेळाचं सामान विकणारं त्याचं छोटं दुकान होतं. साठीला टेकलेलं गिऱ्हाईक विमानाची पेडलं मागतंय याचं नवल त्यानं अजून तरी चेहऱ्यावर दिसू दिलं नव्हतं. "सगळे हीच नेतात. हलकी आहेत. काम झालं की पलंगाखाली ढकलून द्यायची."

"ती दुसरी दाखवा. लोखंडी."

बाजूच्या स्टुलावर बसलेल्या रोहननं मोबाईलमधून मान वर केली. "आई, हीच बरी आहेत."

बाईंनी मुलाकडे पाहिलं नाही. शिवतेजनं कोपऱ्यातलं खोकं दोन्ही हातांनी उचलून आणलं, तेव्हा त्याच्या मानेची शीर फुगली. जाड पट्ट्यांची चौकट आणि तिला झोपाळ्यासारखी टांगलेली दोन रुंद पेडलं. बाईंनी पाय ठेवले. ती लगेच हलली नाहीत. दाबावी लागली, आणि दाबल्यावर पलीकडून कुणीतरी तेवढ्याच जोरानं तळपाय परत ढकलतंय असं वाटलं. त्यांनी पुन्हा दाबलं. चेहरा तोच राहिला, पण पदर त्यांनी कमरेला खोचला.

"पण काकू, ही नुसती ठेवून चालत नाहीत," शिवतेज म्हणाला. "फरशीला बोल्ट मारावे लागतात. एकदा मारले की तिथंच. मग हलवाहलवी नाही."

"मारू की बोल्ट."

"आई." रोहननं मोबाईल खिशात टाकला. "हॉलमध्ये? रविवारी म्हसवडची माणसं घर बघायला येणार आहेत, माहीत आहे ना?"

"येऊ देत."

बाईंची सगळी नोकरी पाटबंधारे खात्यात, आरेखनाच्या टेबलापाशी गेली होती. कालवे, पोटकालवे, बंधारे, कृष्णेची वळणं, येरळेचं कोरडं पात्र, सगळं त्यांनी वरून काढलं होतं आणि एकदाही वरून पाहिलं नव्हतं. निरोपाच्या दिवशी साहेबांनी विचारलं, आता पुढे काय करणार? त्या म्हणाल्या, विमान चालवणार. अख्खी कचेरी हसली. कुणीतरी म्हणालं, होवाळबाई जाता जाता विनोदी झाल्या. बाई हसल्या नव्हत्या. त्यांनी मोठ्या पडद्याचा कॉम्प्युटर घेतला, त्याला जोडायचा विमानाचा दांडा घेतला आणि रोज सकाळी भांडी आवरून कोल्हापूरच्या धावपट्टीवरून उडायला लागल्या. विमान कॉम्प्युटरमधलं होतं, पण खालच्या नद्या जिथल्या तिथं होत्या. फक्त एक खटकायचं. विमानाच्या शेपटीचं सुकाणू त्या दांडा पिळून वळवायच्या. मनगट दुखून यायचं आणि विमान झिंगल्यासारखं चालायचं. खऱ्या विमानात हे काम पाय करतात असं त्यांच्या वाचनात आलं, आणि त्या दिवसापासून हातानं करणं त्यांना खोटं वाटायला लागलं.

रिक्षात दोघांच्या मधे ते जड खोकं होतं.

"आतल्या खोलीत तरी लाव," रोहन म्हणाला.

"आतली खोली तुझी आणि येणाऱ्या सुनेची. रंग देऊन ठेवलाय तिला. हॉल माझा."

"तुझ्या वयाच्या बायका सहलीला जातात. विहारात जातात."

"मीही जाते विहारात. पौर्णिमेला. बाकीचे दिवस माझे आहेत."

"आणि त्या लोकांना मी काय सांगू? माझी आई गेम खेळते म्हणून?"

"विमान चालवते म्हण."

रोहननं तोंड फिरवून बाहेर पाहिलं. तो पुण्याला नोकरी करत होता आणि मुलीकडच्यांची ही भेट नीट पार पडावी म्हणून आठवडाभर रजा काढून आला होता. मुलगी, सृष्टी, त्याला मनापासून आवडली होती. तिच्या वडलांचा मात्र त्यानं धसका घेतला होता. लालासाहेब सरतापे फौजेतून सुभेदार होऊन परतलेले. म्हसवडमध्ये त्यांच्या शब्दाला वजन होतं, आणि समोरच्या माणसाला नखशिखांत बघून घेतल्याशिवाय ते खुर्चीला पाठ टेकत नसत.

दुसऱ्या दिवशी नानासो मिस्त्री ड्रिल घेऊन आला. फरशीवर बसून त्यानं तिच्यावरून हात फिरवला.

"बाई, एकदा भोक पाडलं की फरशी गेली बगा. पुन्ना इचार करा."

"केलाय. पाडा."

त्या टेबल आणि दिवाण यांच्या मधल्या खुर्चीत बसल्या, पाय लांब केले, गुडघा किती वाकतो ते पाहिलं, आणि टाचा जिथं टेकल्या तिथं नानासोनं खडूच्या खुणा केल्या. बाई उंचीनं बेताच्या. पेडलं बरीच जवळ आली. ड्रिलच्या आवाजानं शेजारची खिडकी उघडली आणि पुन्हा लागली. पांढरी धूळ हॉलभर पसरली, बुद्धाच्या तसबिरीच्या काचेवरही बसली. हाताची घडी घालून दारात उभा असलेला रोहन शेवटचा बोल्ट आवळायच्या आत चपला घालून बाहेर निघून गेला. बाईंनी धूळ झाडली, काच पुसली आणि अनवाणी पायांनी खुर्चीत बसल्या.

एका पंख्याचं विमान पूर्ण जोर दिला की डावीकडे ओढतं. इतके महिने ते बाईंना धावपट्टीच्या कडेपर्यंत फरपटत न्यायचं. आज त्यांनी उजवा पाय दाबून धरला. पेडलनं पाय ढकलला, पायानं पेडल ढकललं, आणि मधली पांढरी रेघ नाकासमोरून हलली नाही. चाकं जमिनीवरून सुटली तेव्हा बाईंच्या तोंडून एक बारीकसा हुंकार निघाला. घरात तो ऐकायला कुणी नव्हतं.

रविवारी पाहुणे आले. लालासाहेब, त्यांच्या पत्नी आणि सृष्टी. जयभीम झाला, चपला दाराशी ठेवल्या गेल्या. लालासाहेबांनी भिंती पाहिल्या, पंखा पाहिला, आतल्या खोलीचा नवा रंग पाहिला आणि मग त्यांची नजर खिडकीपाशी, वर कापड टाकलेल्या टेबलावर थांबली.

"आन् ह्ये काय? शिलाई मशीन हाय व्हय? खाली पायटं दिसत्यात म्हून इचारतो."

बाई पाण्याचे पेले घेऊन येत होत्या. त्यांनी तोंड उघडलं.

"विमानाचं सिम्युलेटर आहे," रोहन घाईनं म्हणाला. "माझं. सुट्टीला आलो की जरा विरंगुळा."

बाईंनी पेला लालासाहेबांच्या हातात दिला, दुसरा त्यांच्या पत्नीच्या हातात. तिसरा सृष्टीला देताना थोडं पाणी तबकात सांडलं. रोहन खिडकीचा गज बघत होता. बाई आत गेल्या. उप्पीट तयार होतं. त्यावर घालायची कोथिंबीर चिरलेली होती, तीच त्या पुन्हा चिरत बसल्या, पार भुगा होईपर्यंत.

"दावा की मग चालवून," लालासाहेबांचा आवाज आला. "उभ्या नोकरीत लय येळा इमानात बसलो, पर पुढं बसून काय करत्यात ते कवा बघितलं न्हाई."

"आत्ता? जेवण वगैरे झाल्यावर..."

"आत्ताच. तुमची विद्या तर कळू द्या गड्या."

खुर्ची सरकल्याचा आवाज झाला. मग टेबलाला गुडघा आपटल्याचा. मग इंजिन सुरू झालं. बाईंची सुरी थांबली. इंजिनाचा आवाज चढत गेला, पूर्ण चढला, आणि त्यांचा उजवा पाय ओट्याखाली आपसूक फरशीवर दाबला गेला. बाहेर मात्र कुणी काही दाबलं नाही. चाकं धावपट्टी सोडून खडबडीत रानात गेल्याची घरघर, मग एक धक्का, मग शांतता. रोहननं पुन्हा सुरू केलं. पुन्हा तेच.

"ह्यो तर नांगर चाललाय," लालासाहेब म्हणाले आणि मोठ्यानं हसले.

"तुमचे पाय अवघडलेत," सृष्टी म्हणाली. "खुर्ची मागं घ्या की."

"मागं दिवाण आहे."

"मग पेडल पुढं सरकवा."

"बोल्ट मारलेत."

"मग तुम्ही एरवी कसं बसता?"

बाई उप्पिटाचं तबक घेऊन स्वयंपाकघराच्या दारात येऊन उभ्या राहिल्या होत्या. रोहनचे गुडघे टेबलाच्या कडेला टेकून पार छातीशी आले होते. त्यानं आईकडे पाहिलं. बाईंच्या ओठांवर एक वाक्य अगदी तयार होतं. पेडलं कालच बसवलीत, मिस्त्रीनं माप चुकवलं. एवढं म्हटलं की झालं असतं. लहानपणापासून त्याच्यासाठी त्यांनी अशी कितीतरी वाक्यं म्हटली होती. त्यांनी ते गिळलं आणि त्याच्याकडे बघत उभ्या राहिल्या.

रोहनचे कान लाल झाले. तो अंग चोरत खुर्चीतून बाहेर आला.

"माझं नाही हे," तो म्हणाला. "आईचं आहे. ती चालवते. मला येत नाही."

सृष्टीच्या आईनं हातातला पेला खाली ठेवला. लालासाहेबांनी आधी रोहनकडे, मग बाईंकडे पाहिलं.

"म्हंजे, ताई चालवत्यात? ह्या वयात?"

"याच वयात सुरू केलं."

"आवं, पर कशाला?"

"तुम्ही फौजेत कशाला गेलात?"

"पोटासाठी गेलो."

"मग तुमचं कारण मोठं आहे," बाई म्हणाल्या. "मला नुसतं आवडतं."

सृष्टीच्या आईनं पदर तोंडाला लावला, पण डोळे हसत होते. बाईंनी तबक रोहनच्या हातात दिलं.

"वाढ सगळ्यांना. गार होईल. लिंबू फडताळात आहे."

त्या खुर्चीत बसल्या. पदर खोचला, चष्मा सारखा केला, अनवाणी पाय पेडलांवर ठेवले. पाय बरोबर पोचले. इंजिन सुरू झालं. आवाज चढला तसा उजवा पाय पुढे गेला आणि तिथंच घट्ट राहिला. पांढरी रेघ सरळ येत राहिली, सरळ, आणि मग खाली गेली. उसाची शेतं खाली गेली. कृष्णेचं पहिलं वळण डाव्या खिडकीत आलं. बाईंनी दांडा कलवला, त्याबरोबर पाय हलला आणि विमान रेघ ओढावी तसं वळलं.

रोहन ताटली घेऊन सृष्टीसमोर उभा होता, पण तिनं ती घेतलीच नाही. तिनं वेताचा मोडा ओढला आणि बाईंच्या शेजारी, अगदी खिडकीजवळची जागा मिळाल्यासारखी जाऊन बसली.

"कुठं निघालात, काकू?"

"तासगाववरनं विट्याला. तिथनं पुढं माणात, म्हसवडला." बाईंनी मान न वळवता आवाज थोडा चढवला, मागच्या माणसाला ऐकू जाईल इतका. "तुम्ही आमचं घर बघितलंत. आता मी तुमचं बघून येते."

लालासाहेबांनी ताटली खाली ठेवली, उठून उभे राहिले आणि सदऱ्याची कॉलर नीट केली.